दगडाचे आडनाव

मराठी माणसाची ओळख पूर्ण होते ती 'आपण मूळचे कुठले?' या प्रश्नानंतर. आडनावात गाव असले तरी हा प्रश्न चुकत नाही, किंबहुना तेव्हा तो हमखास येतो. आमचेही आडनाव 'कर'ने संपते. ज्या गावावरून ते पडले, तिथे गेल्या चार पिढ्यांत आमचे कुणी राहिलेले नाही. आमचे घर होते रोह्याला. कौलारू, जोत्याला काळा दगड, वय अदमासे नव्वद वर्षे. मागील वर्षी भावंडांच्या एकमताने ते विकले गेले. मी पेणला सदनिकेत राहतो. पेण ते रोहे हे अंतर लोहमार्गाने काही स्थानकांचे. पण तिकडे जाण्याचे कारण मात्र आता उरलेले नाही.

अशा मनःस्थितीत वाचलेली बातमी निराळीच लागते. २६ जून २०२५ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, मॅकडोनो या गावी, एक उल्कापाषाण घराचे छप्पर भेदून आत आला आणि जमिनीवर खळगा पाडून फुटला. आकार लहानशा टोमॅटोएवढा. जॉर्जिया विद्यापीठातील भूवैज्ञानिक स्कॉट हॅरिस यांनी त्याचे तुकडे तपासले. त्यातील द्रव्य ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे पृथ्वीहून सुमारे २ कोटी वर्षांनी वडील! आमच्या जोत्याचा दगड सह्याद्रीच्या लाव्ह्याचा. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. या पाहुण्यापुढे तो तान्हाच म्हणायचा. त्या घरातल्या माणसाला पुढे कित्येक दिवस दिवाणखान्यात उल्केची बारीक धूळ सापडत होती म्हणे. पृथ्वीहून जुनी वस्तू केरसुणीने गोळा करावी लागते, ही कल्पना मला त्या अवाढव्य आकड्यापेक्षा अधिक भिडली.

परंतु खरी गंमत नावाची आहे. उल्कापाषाणाला तो जिथे पडला वा सापडला त्या जवळच्या ठिकाणाचे नाव द्यायचे, असा शास्त्रीय संकेत आहे. त्यामुळे जगभरच्या उल्कापाषाणांच्या यादीत आपलीही काही गावे आहेत. १८६६ साली जामखेडला पडलेला पाषाण त्या यादीत इंग्रजी अमदानीच्या स्पेलिंगपायी 'जामखैर' होऊन बसला आहे (गावाचे नाव बिघडवण्याची परंपरा अवकाशालाही सोडत नाही!). १८७९ चा कळंबी सातारा जिल्ह्यातला. आणि अलीकडचा काटोल: २२ मे २०१२, नागपूर जिल्हा, भर उन्हाळ्यातली दुपारी दोनची वेळ. मोठा आवाज झाला आणि गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. पुढे या पाषाणात ब्रिजमनाइट हे खनिज आढळले, आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात, साडेसहाशे किलोमीटरांहून खोलवर, हेच खनिज सर्वाधिक प्रमाणात आहे. मात्र तिथवर हात पोहोचण्याची सोय नाही. पायाखालच्या मातीचा गाभा समजून घ्यायला आभाळातून आलेल्या दगडाची मदत व्हावी, यातली विसंगती एखाद्या कथाकाराने योजली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

कोट्यवधी वर्षे ज्याला ना नाव ना गाव, तो दगड एका दुपारी काटोलकर होतो. त्यासाठी त्याला तिथे जन्मावे लागले नाही, जमीन घ्यावी लागली नाही. पडणे पुरेसे झाले. आमच्या पूर्वजांचे तरी याहून काय वेगळे झाले असेल? कुठल्याशा दुष्काळात वा चाकरीच्या शोधात ते कुठेतरी येऊन पडले, आणि त्या जागेला आम्ही 'मूळ गाव' म्हणत आलो. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांना स्वर्गातील पुण्यफळ भोगून संपल्यावर खाली पडणाऱ्यांची रूपे मानले आहे. कुठे पडल्यास काय फळ, याचाही त्याने विचार केला. पडलेल्याचे पुढे काय होते, याची चौकशी मात्र त्याने केलेली दिसत नाही.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण तो दगड मूळचा कुठला?" मॅकडोनोपुरते उत्तर देता येते: मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातील एका मोठ्या लघुग्रहाचा तो तुकडा असावा, जो सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी फुटला. "म्हणजे ते घरही आता नाही," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.