फाईल होती, आवाज नव्हता

आमचा जुना संगणक २०१९ च्या पावसाळ्यात बसला आणि त्याच्याबरोबर माझं 'कूल एडिट'ही गेलं. सतरा वर्षं त्यावर मुलांची समूहगीतं ध्वनिमुद्रित केली. ते २००३ मध्येच अडोबीने विकत घेऊन त्याचं 'ऑडिशन' केलं होतं. मी आपला जुनंच धरून बसलो होतो. असो.

नातवाने नव्या लॅपटॉपवर 'ऑडॅसिटी' घालून दिलं. फुकट मिळतं. सुरुवातीला प्रत्येक बटण परकं वाटे. खरखर काढायची रीत मात्र ओळखीची निघाली. आधी नुसत्या शांततेचा तुकडा दाखवायचा, मग तेवढी खरखर सगळीकडून वजा करायची. वाटलं, जमलं की आपल्याला!

दिवाळीत गावी गेलो. अक्का तेव्हा चौऱ्याऐंशीची. जातं कधीचं अंगणात पडलेलं, पण ओव्या शाबूत. अर्धा तास म्हणत होती. मध्येच एक आली ती शाळामास्तर झालेल्या भावाची, तिची स्वतःची. म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही.

सवयीने कंट्रोल-एस दाबलं. कूल एडिटमध्ये तेवढ्याने गाणं फाईलमध्ये जाई. इथे तयार झाली एक छोटी 'एयूपी' फाईल, आणि शेजारी बारीक तुकड्यांनी भरलेलं फोल्डर. ते मला केर वाटलं. फाईल पेनड्राइव्हवर घेतली, फोल्डर पुसलं, वर रिसायकल बिनही रिकामं केलं. मास्तरांची टापटीप! खरा आवाज त्या केरातच होता. 'एक्सपोर्ट' करायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी. मी मदतीचं पान उघडलंच नव्हतं. २०२१ पासून त्यात सगळं एकाच फाईलमध्ये राहतं म्हणा, पण मला त्याचा काय उपयोग?

माघात पुन्हा गेलो. अक्काने कुरकुर न करता ओव्या म्हटल्या. ती एक काही येईना. शेवटी विचारलं.

"कुठली रे बापू? तेव्हा आली असंल. आता न्हाई आठवत."

पुढे टाळेबंदी लागली. २०२१ मध्ये अक्का गेली.

त्या दुसऱ्या खेपेच्या बावीस मिनिटांच्या ओव्या एक्सपोर्ट करून चार ठिकाणी ठेवल्या आहेत. पंख्याची खरखर काढली. मध्ये ती दोनदा खोकली आहे, ते तसंच ठेवलं.