अमोलचा संघ

इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं, तेव्हा मला भयंकर राग आला होता आणि तो राग आजही रास्तच वाटतो. १९ ऑक्टोबर २०२५, महिला विश्वचषकाचा साखळी सामना. जादा गोलंदाज हवी म्हणून रेणुका सिंगला आणलं आणि एक अस्सल फलंदाज कमी केली. २८९ धावा करायच्या होत्या, आपण चार धावांनी हरलो. स्मृती, हरमनप्रीत, दीप्ती, तिघींनी अर्धशतकं ठोकली. पण शेवटच्या षटकांत एकेरी-दुहेरी धावा पळून काढणारी, मोकळ्या जागा हेरणारी जेमिमा तंबूत बसून होती.

दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. लागोपाठ तीन पराभव. नेरूळला आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. प्रशिक्षक बदला, इथपर्यंत गाडी गेली. मी मात्र अडून बसलो. निवड चुकली हे कबूल, पण माणूस बरोबर आहे, हे माझं म्हणणं.

त्याला कारण होतं. आपल्या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार म्हटलं की लोक १९८८ची सचिन-विनोदची ६६४ धावांची भागी आणि पॅड बांधून बसलेला शारदाश्रमचा पुढचा फलंदाज आठवतात. मला २००६-०७चा रणजी मोसम आठवतो. अमोल मुंबईचा कर्णधार होता, प्रवीण आमरे प्रशिक्षक. पहिले तिन्ही सामने मुंबई हरली. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर शून्यावर पाच बाद लागले होते. तो सामना मुंबईनं जिंकला आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही घेतला. तीन पराभवांनंतर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे ज्यानं स्वतः भोगलंय असा माणूस आपल्याकडे होता. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही त्याला भारताची टोपी मिळाली नाही. बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या पोटात काय कालवतं, ते त्याला कुणी सांगावं लागत नाही.

२३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्धचा सामना आमच्या डी. वाय. पाटीलवर होता. मी गेलो. स्मृती आणि प्रतिका रावल दोघींची शतकं झाली, सलामीची भागी २१२ची. त्यानंतर पायऱ्या उतरून आली ती जेमिमा, थेट तिसऱ्या क्रमांकावर. नाबाद ७६. चार दिवसांपूर्वी वगळलेल्या मुलीला नुसतं परत घ्यायचं नाही, तर वर बढती द्यायची, याला धाडस लागतं. उपांत्य सामन्यात ३३८चा डोंगर समोर असताना तीच तिसऱ्या क्रमांकावर आली. आपल्याला त्या जागेवर जायचंय हे मैदानात उतरायच्या पाचेक मिनिटं आधी कळलं, असं नंतर तिनंच सांगितलं. नाबाद १२७ करून तिनं ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं.

संघातल्या पंधरा जणी निवड समिती ठरवते. प्रशिक्षकाच्या हाती असते ती अकरा जणींची यादी आणि प्रत्येकीला दिलेलं काम. मी अमोलला मार्क देतो ते याच कामाचे. प्रतिकाचा घोटा बांगलादेशविरुद्ध दुखावला आणि शफाली वर्माला बोलावलं गेलं. ती मूळ संघात नव्हती, भारतासाठी वर्षभर एकदिवसीय सामना खेळली नव्हती. उपांत्य सामन्यात दहा धावांवर बाद झाली. घाबरणारा प्रशिक्षक असता तर अंतिम सामन्यात तिला सांभाळून खेळायला सांगितलं असतं. २ नोव्हेंबरला पावसानं दोन तास खाल्ले, पाच वाजता खेळ सुरू झाला आणि ती पहिल्यापासून आपल्याच पद्धतीनं खेळली. ७८ चेंडूंत ८७.

मग हरमनप्रीतनं चेंडू तिच्याच हाती दिला. ते श्रेय निखळ कप्तानाचं, त्यात मी वाटेकरी घालणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सुने लूसचा परतीचा झेल शफालीनं स्वतःच घेतला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या शाळकरी मुली खुर्च्यांवर उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना खाली बसा म्हटलं नाही. शफालीच्याच पुढच्या षटकात कॅपही गेली. तरी लॉरा वुल्व्हार्ट शतक करून खेळत होती आणि पोटातला गोळा हलत नव्हता. तिचा उंच उडालेला फटका अमनजोतच्या हातातून निसटला, पुन्हा उडाला, परत निसटला, आणि अखेर एका हातात विसावला. याच संघानं स्पर्धेत किती सोपे झेल सोडले होते! दीप्तीनं पाच बळी घेतले, ५२ धावांनी आपण जिंकलो, आणि मध्यरात्री नेरूळ स्टेशनकडे जाणारा अख्खा रस्ता ओरडत होता.

जिंकलो म्हणून माझ्या तक्रारी संपलेल्या नाहीत. क्षेत्ररक्षण अजून भरवशाचं नाही. आणि वेगवान गोलंदाज हव्यात. छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची क्रांती गौड, कडप्पाकडची फिरकीपटू श्री चरणी, दोघी २०२५मध्येच भारताकडून पहिल्यांदा खेळल्या आणि त्याच वर्षी विश्वविजेत्या झाल्या. अशा मुली आडगावांत आहेत, हे आता सिद्ध झालंय. क्रांतीच्या जोडीला नव्या चेंडूवर अंगावर येणारी आणखी एक तरी मुलगी पुढच्या संघात दिसली पाहिजे. अमोलनं निवड समितीच्या बैठकीत त्यासाठी भांडावं.