मेस्त्रींनी घालवलेली गिऱ्हाइकं

1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून महाडजवळच्या बिरवाडीला कायमचे परतलेल्यांत आमचे मेस्त्री होते. गिरणीत फिटर. येताना ट्रंकेतून पान्यांचा संच आणि बारीक फटी मोजायचा फीलर गेज घेऊन आले. काळ नदीच्या काठी तेव्हा रॉकेलवरचे पंप चालत. पेट्रोलवर सुरू करायचे, इंजिन तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. आमच्या खाचरांत ट्रॅक्टर वळायलाही जागा नव्हती; शेतातले इंजिन म्हणजे हा पंपच.

आमचा पंप दोरी ओढली की उलटा झटका द्यायचा. वडिलांचे मनगट सुजले तेव्हा मला मेस्त्रींकडे पिटाळले. ते आले, बांधावर बसले आणि पाना माझ्या हातात दिला. “मी सांगतो, तू कर.” मी तेव्हा शाळेत होतो.

इंधन पेटून दाब चढायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर पिस्टन उलटा ढकलला जातो. वडिलांच्या मनगटाला बसला तो हाच झटका. उशिरा पडली तर ताकद जाते, सायलेन्सर भलताच तापतो. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग. मेस्त्री तो सिगारेटच्या कागदावर पकडत.

आधी पॉइंटमधले, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधले, अंतर गेजने लावायचे, कारण अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपसूक पुढे जाते, म्हणजे ठिणगी आधी पडते. मग सिगारेट मोडून, तंबाखू झाडून, तो कागद पॉइंटच्या चिमटीत धरायचा आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवायचे. कागद सुटला की तिथे ठिणगी. ती फ्लायव्हीलवरच्या खुणेवर येईपर्यंत पॉइंटची प्लेट केसभर सरकवत राहायचे. शेवटी पंप पाणी उचलत असताना कान द्यायचा: पेट्रोलवर गोड चालणारे इंजिन रॉकेलवर खडखडले, तर टायमिंग अजून थोडे मागे.

हे कसब दुसऱ्या कुणीही शिकवले असते. पण मेस्त्रींचे घर याच कामावर चाले, आणि शिकवलेला प्रत्येक पोरगा म्हणजे कायमचे तुटलेले गिऱ्हाईक. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, ओट्यावरून ऐकवायच्या, “शिकवा अजून, मग बसा माश्या मारत.” मेस्त्री हसून पुढची सिगारेट मोडत. त्यांच्या या दिलदारीचे मी गोडवे गाणार नाही. तिची किंमत काकी मोजत होत्या.

22 जुलै 2021 ला महाड परिसर पुरात बुडाला. मेस्त्री तेव्हा हयात नव्हते. गाळाने भरलेल्या विहिरी उपसायला लोकांनी माळ्यावरचे जुने पंप खाली काढले. रॉकेल मिळेना, म्हणून सगळे पेट्रोलवरच चालवायचे होते; मी टायमिंग थोडे पुढे घेऊन दिले. जो देईल त्याच्याकडून पैसे घेतले आणि ते काकींच्या हातावर ठेवले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या.

“ह्यांनी एका वेळी एवढे कधी आणले नव्हते,” म्हणाल्या, आणि आत चहा टाकायला गेल्या.