विणणं नव्हे, वहिफणी

गेली बारा वर्षं मी मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवत आलो. ते कबूल करायला हे लिहितो आहे.

भिवंडीत मी यंत्रमागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अभ्यासक्रमात व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किटांच्या भाषा आल्या की माझं ठरलेलं वाक्य असे, "सी येतं ना? मग हे त्याचंच भावंड. चार चिन्हं वेगळी, एवढंच." एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप, तिच्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायचो की ती मोठ्या प्रयोगशाळांची चैन आहे, आपल्याला मायक्रोकंट्रोलर पुरतो. दोन्ही वाक्यं मी मनापासून बोलत होतो. त्यातलं दुसरं अर्धं चूक होतं आणि पहिलं पूर्ण.

माझी भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने हट्टाने एक लहानसा एफपीजीए बोर्ड मागवला. मी तिला नाही म्हणून पाहिलं होतं. त्याच पैशांत चार मायक्रोकंट्रोलर आले असते. एका रात्री ती वही घेऊन आली. "मामा, मी दोन ओळी लिहिल्या. 'अ'मध्ये 'ब' घाल, 'ब'मध्ये 'अ' घाल. तुम्ही म्हणता तसं एकामागून एक झालं असतं, तर दोन्हींत 'ब'च राहायला हवा होता. इथे तर अदलाबदल झाली."

तिचं निरीक्षण बरोबर होतं. सीमध्ये अदलाबदलीला तिसरं भांडं लागतं. व्हेरिलॉगमध्ये घड्याळाच्या ठोक्यावर होणारी नेमणूक लिहिली, तर दोन्ही ओळी एकाच क्षणी घडतात; उजवीकडची जुनी मूल्यं आधी वाचली जातात आणि डावीकडे एकदम बसतात. तो नियम मला पाठ होता. पण "असं का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला म्हणालो, "भाषेचा नियम आहे तो." त्या उत्तराची मला आजही खंत वाटते.

मग मी स्वतः बसलो. शंभर गुणाकारांची बेरीज करायची म्हणून सीच्या सवयीने फॉर लूप लिहिला. टूलने उत्तर दिलं की हे या चिपमध्ये मावणार नाही. एक गुणक शंभर वेळा वापरला जाईल असं मी धरून चाललो होतो, आणि त्याने मला शंभर गुणक बांधून मोजून दाखवले होते. त्या चिपमध्ये सगळे मिळून 1280 लहान तक्ते. मी यंत्राला हुकूम देतो आहे असं समजत होतो आणि प्रत्यक्षात यंत्राचा नकाशा लिहीत होतो.

हे तक्ते म्हणजे काय, ते मागाच्या भाषेत सांगतो. समजा माग थांबवायचा की नाही हे चार खुणांवर ठरतं: आडवा धागा तुटला, उभा धागा तुटला, झाकण उघडं आहे, बटण दाबलं आहे. चार खुणांची होय-नाही मिळून 16 परिस्थिती होतात. 16 घरांचा तक्ता करा आणि प्रत्येक घरात 'थांब' किंवा 'चालू दे' लिहून ठेवा. चार तारा मिळून कुठलं घर वाचायचं ते ठरवतात. गणित नाही, विचार नाही, फक्त वाचन. घरांतली उत्तरं बदलली की तोच तक्ता वेगळं सर्किट होतो. अशी 65,536 वेगवेगळी सर्किटं एका तक्त्यात बसू शकतात. प्रत्येक तक्त्याशेजारी एक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे ठोक्यावर एक बिट धरून ठेवणारी जागा. भोवती तारांचं जाळं, आणि कुठली तार कुठे जोडायची हेही मेमरीतच लिहिलेलं. झायलिंक्सने 1985 साली आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे 64 ठोकळे होते. तत्त्व आजही तेच आहे, संख्या लाखांत गेली आहे.

आमचं घराणं इचलकरंजीहून आलेलं, त्यामुळे वहिफणी हा शब्द माझ्या लहानपणापासून कानावर आहे. माग सुरू होण्याआधी बीमवरचा प्रत्येक उभा धागा चौकटीतल्या ठरलेल्या डोळ्यातून आणि फणीच्या ठरलेल्या फटीतून ओवायचा. हजारो धागे. कुठला धागा कुठल्या चौकटीबरोबर उचलला जाणार, हे तिथेच पक्कं होतं. त्यानंतर मागाला कुणी सांगत नाही की आता तिसरा उचल, आता सातवा उचल. मुख्य शाफ्ट फिरतो, उचलायचे ते सगळे एकदम उचलले जातात, आडवा धागा घेऊन धोटा पार होतो.

संगणकाचा जन्म मागातून झाला, असं आपण कौतुकाने सांगतो. जकार्डची 1804 ची छिद्रांची कार्डं, पुढे बॅबेजने घेतलेली तीच कल्पना. हा इतिहास खरा आहे, मीही वर्गात सांगत आलो. पण त्या गोष्टीने माझी दिशाभूल केली. मी कार्डांच्या माळेकडे, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या हुकुमांकडे पाहत राहिलो. व्हेरिलॉगचं नातं कार्डांच्या माळेशी नाही, वहिफणीशी आहे. ओळींचा क्रम म्हणजे वेळेचा क्रम नव्हे. सगळे धागे एकाच वेळी ताणलेले असतात, आणि भाचीची अदलाबदल त्यामुळेच होते.

एकदा हे दिसलं आणि ज्याला मी परीक्षेपुरतं महत्त्व देत होतो तो टायमिंगचा धडाही उलगडला. शाफ्टच्या एका फेऱ्यात उभ्या धाग्यांचं तोंड उघडतं आणि मिटतं. मिटण्याच्या आत धोटा पलीकडच्या पेटीत पोचलाच पाहिजे. नाही पोचला तर माग धाडकन थांबतो किंवा धागे तुटतात. म्हणून वेग वाटेल तेवढा वाढवता येत नाही; कापडाचा पना जितका रुंद, तितकी धोट्याची वाट लांब. चिपमध्ये 12 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला दोन ठोक्यांमध्ये सुमारे 83 नॅनोसेकंद मिळतात. एका फ्लिप-फ्लॉपमधून निघालेला सिग्नल वाटेतले तक्ते आणि तारा ओलांडून तेवढ्यात पुढच्याच्या दाराशी थांबलेला असायला हवा. सर्वांत लांब वाट घड्याळाचा वेग ठरवते. माझे दाजी चाळीस वर्षं मागावर आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग यात नवीन काय?"

दुसऱ्या वाक्याबद्दल. मागाचे फेरे मोजायला, दिवसाचं उत्पादन लिहायला मायक्रोकंट्रोलर पुरतो, हे मी आजही म्हणेन. तिथे एफपीजीए लावणं पैसे घालवणं आहे. पण सर्वो मोटारीचा हिशेब करा. 2500 रेषांचा एन्कोडर, चारही कडा मोजल्या तर एका फेऱ्यात 10,000 खुणा. मोटार मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 5 लाख खुणा. आठ मोटारी असतील तर 40 लाख. 16 मेगाहर्ट्झच्या मायक्रोकंट्रोलरला एका खुणेसाठी चार ठोके मिळतात, आणि त्यात इंटरप्टची नोंदसुद्धा होत नाही. काही कंट्रोलरांत आतच मोजणी-सर्किट असतं, त्यावर एक-दोन मोटारी निभावतात. एफपीजीएत आठ मोजणी-सर्किटं शेजारी शेजारी मांडायची. एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

उरलेली शंका खोडदला गेली. विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना दाखवतात. भाचीला घेऊन कल्याण, मुरबाड, माळशेज करत गेलो. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. आधी एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा बघणाऱ्या या दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि पट्टा 400 मेगाहर्ट्झवर गेला. म्हणजे प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला 80 कोटी नमुने, आणि प्रत्येक तबकडीचे दोन धरून 30 तबकड्यांचे असे 60 प्रवाह. ते नमुने पहिल्यांदा झेलतात ती व्हर्टेक्स-5 एफपीजीए असलेली कार्डं. तिथून गठ्ठे बांधून माल ग्राफिक्स प्रोसेसरांकडे जातो. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा खरखराट चालू निरीक्षणातच गाळण्याचं कामही याच चिपवर बसवलं आहे. ज्याला मी चैन म्हणत होतो, ते आपल्याच पुणे जिल्ह्यात रोज राबत होतं.

पुन्हा पहिल्या वाक्याकडे. प्रभू गोयल आणि फिल मूरबी यांनी 1983-84 च्या सुमारास व्हेरिलॉग घडवली. व्हीएचडीएल अमेरिकी संरक्षण खात्याच्या गरजेतून आली आणि 1987 साली तिचं मानक ठरलं. दोन्हींचा मूळ हेतू सर्किटाचं वर्णन करणं आणि ते बांधण्याआधी तपासून पाहणं हा होता. वर्णन. हा शब्द व्हीएचडीएलच्या नावातच आहे, आणि बारा वर्षं मी तो वाचून पुढे जात होतो.

माझ्याकडे शिकून गेलेल्या ज्या मुलांनी व्हेरिलॉग सीसारखी लिहिली आणि "जमत नाही" म्हणून सोडून दिली, त्यांची मी माफी मागतो. दोष त्यांच्या डोक्यात नव्हता, माझ्या पहिल्या वाक्यात होता.

आता पहिले दोन तास संगणक बंद असतो. मुलं कागदावर फ्लिप-फ्लॉप काढतात, मधले तक्ते काढतात, बाण जोडतात, आणि मगच त्या चित्राचं वर्णन लिहितात. आयकेरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह ही सर्किट तपासायची टूलं फुकट मिळतात, जुन्या लॅपटॉपवर चालतात. बोर्ड नसला तरी सहा महिन्यांचा अभ्यास त्यावर होतो. हा विषय शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांना विनंती आहे: मुलांना सीची आठवण करून देऊ नका. आधी चित्र काढायला लावा.