मुक्यांचा डाव

१९७२ च्या दुष्काळात आमच्या तासगाव भागात खडी फोडायची कामं निघाली. पंचक्रोशीतली माणसं एका माळावर आली आणि त्यात पाच जण ऐकू न येणारे निघाले. आमचे थोरले चुलते नाना त्यातलेच. तोवर प्रत्येकाला वाटायचं, असा आपण एकटाच. सुकडी खाऊन झाली की हे पाच जण ढिगामागं हातवारे करत बसायचे. मुकादम म्हणायचा, "मुक्यांची सभा भरली!"

बुद्धिबळाचा देशी डाव शिकवला त्यातल्याच एका शिंप्यानं. तो सांगलीत राहून आलेला. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलेलं. दुष्काळ सरला, पण ही मंडळी दर बाजारादिवशी आमच्या मारुतीच्या पारावर जमत राहिली. वर्गणी नाही, पाटी नाही. ऐकू न येणाऱ्या बुद्धिबळपटूंची जागतिक संघटना १९४९ सालीच कोपनहेगनला झाली होती, हे मी फार पुढं वाचलं. पाराला त्याचं काय!

सोंड केली की हत्ती, लगाम ओढला की घोडा, मिशीला पीळ दिला की वजीर. शह दिला की पटावर बोटानं ठोकायचं. कालवा करायची ती बघणारी ऐकती माणसं. गावाला नाना 'मुका'. पारावर मात्र कपाळावरच्या खोकेवर बोट ठेवलं की नाना. घरात आम्ही हसलो आणि नानांनी "काय?" म्हणून हात हलवला, की आजी "काय न्हाई" असा हात झटकायची. पारावर तेच नाना तास तास बोलायचे.

वाटणीत विहिरीकडचा तुकडा धाकट्यांनी आपसात ठरवला. "त्याला काय कळतंय, घ्या अंगठा." नानांनी अंगठा मुठीत दाबून धरला. नेमका बाजारचा दिवस. शिंपी आणि बाकीचे तिघं सोप्यात येऊन बसले ते उठेचनात. नानांनी पट पालथा घातला, कोळशानं बांध ओढले, विहीर काढली आणि दोन बोटं दाखवली. शिंप्यानं खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : पाणी दोन दिवस. आजा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "दोन दिस पाळी त्याची. लिवा."

त्या पाण्यावर नानांनी द्राक्षबाग उभी केली. शिंपी गेला आणि पार मोडत गेला. आताची पोरं मोबाईलवर खेळतात, व्हिडिओवर हातवारे करतात. त्यातलं एक परवा नानांकडं आलं. एक उंट हरवलाय, तिथं नानांनी सुपारी मांडली. पोरगं किल्लेकोट करायला गेलं तर नानांनी त्याचा हातच धरला. त्यांच्या पटावर राजा अजून घोड्याची एक उडी मारतो.