शंभर उड्डाणे आणि माझे चुकलेले भाषण

१/ महाविद्यालयात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी लेनर्ड चेशायर या ब्रिटिश वैमानिकावर बोललो होतो. नागासाकीचा अणुस्फोट पाहून त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते रुग्णसेवेकडे वळले, अशी माझी मांडणी. बक्षीस मिळाले, मांडणी मात्र चुकीची होती. आजचा धागा ही त्या भाषणाची दुरुस्ती.

२/ चेशायर यांचा जन्म १९१७ चा. ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेऊन ते हवाई दलात आले आणि पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन झाले. १९४३ मध्ये मात्र त्यांनी आपणहून खालचा हुद्दा पत्करला व ६१७ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व घेतले. त्यांना मोहिमांवर प्रत्यक्ष उडायचे होते.

३/ फेब्रुवारी १९४४. फ्रान्समधील लिमोज येथील विमान-इंजिनांचा कारखाना हे लक्ष्य होते. रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांना बाहेर पडता यावे म्हणून चेशायर छपरांवरून अगदी खालून पुन्हापुन्हा घिरट्या घालत राहिले. बाँब त्यानंतर पडले.

४/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक सहसा एखाद्या विशिष्ट पराक्रमासाठी दिले जाते. त्यांना ते चार वर्षांतील शंभर उड्डाणांसाठी मिळाले.

५/ ९ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून त्यांनी नागासाकीचा स्फोट विमानातून पाहिला. पण अणुबाँबमुळे युद्ध लवकर संपले, ही भूमिका त्यांनी पुढेही सोडली नाही. माझ्या भाषणाचा पायाच इथे ढासळतो.

६/ मग सेवा कुठून आली? युद्धानंतर त्यांनी उभारलेली माजी सैनिकांची वसाहत फसली. १९४८ मध्ये, जाण्यास ठिकाण नसलेल्या एका मरणासन्न रुग्णाला त्यांनी त्याच रिकाम्या घरात आणले आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून चेशायर होम्स उभी राहिली. मुंबईत अंधेरीलाही एक सुरू झाले. १९५९ मध्ये स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही मुंबईतच झाला.

७/ मला पश्चात्तापाची कथा हवी होती, कारण ती सोपी होती. बाँब टाकणारा हात आणि रुग्णाचे अंग पुसणारा हात एकाच माणसाचे असतात, आणि तो पहिल्याची माफी मागत नाही, हे पचवणे अवघड. मित्रांनो, एखादे चरित्र फारच नीटनेटके वाटले, तर एकदा तारखा तपासून पाहा. मी तेव्हा तपासल्या नव्हत्या.