सहा पंचविसची व्हॅन

नाशिक,
११ जानेवारी २०२६

ती. ताईस,


परवा फोनवर तू वहिनीला सांगितलंस, 'एवढी ओढाताण करतेस त्यापेक्षा नोकरीच सोडून दे ना.' त्यामागे माया होती हे तिलाही कळतं. पण त्या दिवसापासून राजीनाम्याचा विषय घरात पुन्हा पुन्हा निघतोय आणि दादाही 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून बाजूला होतो. म्हणून हे सविस्तर पत्र. इथल्या सकाळी नागपूरहून दिसत नाहीत, त्या आधी सांगते.

घर पाचला जागं होतं. दादाची सध्या रात्रपाळी. अंबडच्या कारखान्यातून तो परत येतो तोवर सगळं उरकलेलं असतं, म्हणजे सकाळ पूर्णपणे वहिनीच्या एकटीच्या अंगावर. कणीक, भाजी, दोघींचे डबे, पाण्याच्या बाटल्या. खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं, ते गरम पाण्यात ठेवायला विसरलं की वेणीफणीचा खोळंबा. शाळेचा स्वेटर ठरलेल्या रंगाचाच हवा आणि तो अगदीच पातळ, म्हणून आतून घरचा जाड स्वेटर, वर कानटोपी. भाचीला उठवणं हे या सगळ्याहून अवघड. ती हाकेला ओ देते आणि पुन्हा दुलईत शिरते. तिसऱ्या हाकेला वहिनीचा आवाज चढतो, पोरीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि दोघी एकमेकींशी न बोलता जिना उतरतात. सहा पंचविसला व्हॅनवाले काका फाटकाशी येतात. पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत वाटेत आणखी मुलं घ्यायची, त्यात सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी रस्त्यांची कामं काढलेली, त्यामुळे काका कुणासाठी थांबू शकत नाहीत. व्हॅन चुकली की वहिनीची स्कूटर. ती गारठ्यात बटणावर सुरू होत नाही, किका माराव्या लागतात. लेकीला शाळेत सोडून वहिनी तशीच सातपूरला कामावर जाते.

तू म्हणालीस, नागपुरात काय थंडी नसते? असते, चांगली कडाक्याची असते. फरक उजेडाचा आहे. सगळ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं. नागपूर त्याच्या पश्चिमेला थोडंच, नाशिक बरंच. त्यामुळे या आठवड्यात तुमच्याकडे सात वाजायच्या आत सूर्य उगवतो आणि इथे सात वाजून बारा मिनिटांच्या सुमाराला. जवळजवळ वीस मिनिटांचं अंतर. तुझी मुलं सातच्या शाळेला जायची तेव्हा वाटेत उजाडलेलं असायचं. भाची फाटकाशी उभी राहते तेव्हा रस्त्यावरचे दिवेच काय ते जळत असतात, आणि तिच्या शाळेची घंटा सात दहाला होते. म्हणजे परिपाठासाठी रांगा लागतात त्या वेळीही सूर्य वर आलेला नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक आयांना अनुभवानं जाणवते पण कुणी उलगडून सांगत नाही. २२ डिसेंबरच्या आसपास सर्वात लहान दिवस येतो, म्हणून त्यानंतर सकाळी लवकर उजाडायला लागेल असं वाटतं. तसं होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्याची माध्यान्ह या दिवसांत रोज थोडी पुढे सरकत असते. नाशिकला २२ डिसेंबरला सूर्य सात वाजून पाच-सहा मिनिटांनी उगवतो आणि संक्रांतीपर्यंत उलट आणखी उशिरा येतो. संध्याकाळ मात्र नोव्हेंबरअखेरीपासूनच लांबायला लागलेली असते. तिळातिळानं वाढणारा दिवस आधी संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. सकाळच्या पदरात तो पडायला फेब्रुवारी उजाडावा लागतो, आणि फेब्रुवारी संपता संपता कुठे सूर्योदय सात वाजायच्या आत येतो. म्हणजे वहिनीचा हा आठवडा सगळ्या वर्षातला सर्वात काळोख्या सकाळींचा आहे, आणि नेमक्या याच आठवड्यात ती आयुष्याचा निर्णय घ्यायला बसली आहे.

थंडीचंही तसंच. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पारा सर्वात खाली येतो तो सूर्योदयाच्या सुमाराला, मध्यरात्री नव्हे. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे हिवाळाभर वर्तमानपत्रांत येतात. तिथल्या बागाईतदारांना ही वेळ पक्की ठाऊक असते. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ते पहाटेच बागेत शेकोट्या करतात, कुणी ठिबकनं पाणी सोडतं. द्राक्षाच्या घडाला जी पहाट सोसत नाही, त्याच पहाटे आपण तेरा वर्षांच्या मुलीला स्कूटरवर मागे बसवून नेतो. १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं गेलं तर अंगाला ती थंडी सहा अंशांसारखी लागते. भाचीचे ओठ फुटलेत आणि हाताच्या बोटांना भेगा पडल्यात, त्या उगीच नाहीत.

आता शाळेच्या वेळेचं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात असं जाहीरपणे सुचवलं. त्यावर ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. छोट्यांसाठी हे चांगलंच झालं. पण ज्या इमारतीत दोन सत्रं चालतात, तिथे एकाला पुढे नेलं की दुसऱ्याला कुठेतरी सरकवावंच लागतं. भाचीच्या शाळेनं छोट्यांना दुपारी घेतलं आणि मोठ्यांना पहाटे आणलं. ती सातवीपर्यंत दुपारच्या शाळेत होती, हे तुला आठवत असेल. आठवीत गेल्यापासून ती चिडचिडी झाली, अभ्यासाला कंटाळते, असं सगळे म्हणतात. पोरगी तीच आहे. तिची झोप कमी झाली आहे.

यातला उलटा प्रकार मला फार खुपतो. लहान मुलं मुळातच लवकर झोपतात आणि लवकर उठतात. झोपेची वेळ पुढे सरकते ती वयात येताना. मेंदूत मेलाटोनिन पाझरायला उशीर होऊ लागतो, दहा वाजता अंथरुणावर पडलं तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं, की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत. सिएटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळा सात पन्नासऐवजी पावणेनऊला सुरू केल्या, तेव्हा मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. वेळ पुढे नेली म्हणून मुलं तेवढीच जास्त जागत बसली, असं झालं नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. भाचीला सहा मिळतात. म्हणजे नऊचा नियम ज्यांना लागू झाला त्यांच्यापेक्षा ज्यांना वगळलं त्यांना तो जास्त हवा होता, आणि त्यांचीच शाळा अंधारात भरू लागली.

वेळ बदलता येत नाही, असं शाळा म्हणतात. पण गेल्या वर्षी मार्चअखेर उन्हाच्या कडाक्यामुळे राज्यभरातल्या सगळ्या शाळा सकाळच्या सत्रात आणायचा आदेश निघाला होता. प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. काही दिवसांत वेळा बदलल्या. दिल्लीत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हिवाळी सुट्टी असते, उत्तर प्रदेशात जिल्हाधिकारी थंडी पाहून शाळा बंद ठेवतात किंवा उशिरा भरवतात. उन्हासाठी जे आपण करतो ते थंडीसाठी करण्यात कसली आडकाठी आहे?

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की वहिनीपुढे आज जे तीन पर्याय मांडले जातात त्यांपैकी एकही या दुखण्याच्या मुळाशी जात नाही. पहिला राजीनाम्याचा. समज, ती घरी बसली. व्हॅन सहा पंचविसलाच येणार, पोरगी सव्वापाचलाच उठणार, काळोख तेवढाच राहणार. फक्त पगार थांबेल. येत्या जूनमध्ये वहिनीला कंपनीत पाच वर्षं पुरी होतात. कायद्यानं पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी तर दहा वर्षं लागतात. जानेवारीत सोडलं तर हातातोंडाशी आलेलं घालवायचं. आणि पैशांपलीकडचं तुला मी काय सांगू! गुणवत्ता तपासणीच्या त्या विभागात ती रुजू झाली तेव्हा बोलायलाही बिचकायची, आज नव्या मुलींना ती शिकवते. हे तिनं स्वतः मिळवलं आहे.

दुसरा, शाळा बदलण्याचा. जूनमध्ये नववी, त्यापुढे दहावी. मैत्रिणी, शिक्षक, माध्यम सगळं इथे जुळलेलं. फार अडचण आली तर तेही करावं लागेल, पण त्याचा विचार परीक्षा झाल्यावर. तिसरा, गंगापूर रोडला भाड्यानं राहायचा. तिथली भाडी आणि इथल्या घराचा हप्ता असं दोन्ही दादाला झेपणार नाही, हे त्यानं स्वतःच हिशेब करून सांगितलं.

एक मात्र आजच्या आज करायचं होतं ते झालं. दादा-वहिनीच्या न्हाणीघरात गॅस गिझर आहे, आणि थंडी आत येते म्हणून खिडकी कापड कोंबून बंद केलेली होती. अशा बंद जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगी येऊन खाली पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कापड काढून टाकलं. आता बादली भरून गिझर बंद केल्यावरच पोरगी आत जाते, आणि होळीच्या आधी गिझर बाहेरच्या बाल्कनीत बसवून घेणार आहेत. तुझ्याकडेही गॅसचाच असेल तर बघून घे.

आता खरं काम. पुढच्या शनिवारी पालक-शिक्षक संघाची सभा आहे. आठवी-नववीच्या पालकांचं एक पत्र तयार केलं आहे, मसुदा वहिनीचाच. मागणी एवढीच, की डिसेंबर आणि जानेवारीत सकाळचं सत्र अर्धा तास उशिरा, सात चाळीसला सुरू करावं. सुटायची वेळ साडेबाराचीच राहू दे, म्हणजे दुपारच्या मुलांना धक्का लागत नाही. तास कमी भरतील असं मुख्याध्यापक म्हणतील, त्याचं उत्तर तिनं काढून ठेवलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला सरासरी साडेचार तास. ही शाळा मधली सुट्टी वगळूनही त्याहून जास्त वेळ चालते. दोन महिन्यांत वीसएक तास कमी झाले तरी हजाराच्या खाली जात नाही. व्हॅनवाले काकाही तयार आहेत. सहा पंचावन्नला निघालं तर निदान समोरचा खड्डा दिसेल, असं ते म्हणाले. शाळेनं नकार दिला तर हेच पत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचं ठरलं आहे, आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकासाठी तरी ते उपयोगी पडेल.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मार्चपर्यंत राजीनाम्याचा विषय तिच्याजवळ काढू नकोस. घरात तुझ्या शब्दाला वजन आहे आणि थकलेल्या माणसाला तो पटकन पटतो. दुसरी, तू एवढी वर्षं शाळेत शिकवलंस. दोन सत्रांचं वेळापत्रक बसवताना खरी अडचण कुठे येते, शिक्षकांच्या तासिका, प्रयोगशाळा की मैदान, ते मला सविस्तर लिहून पाठव. सभेत नेमका तोच प्रश्न आला तर वहिनीला उत्तर हाताशी हवं. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं. फोन करणार असलीस तर रविवारी दुपारी कर, तेव्हा ती निवांत असते.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी